घाटावर जागा नव्हती

जुन्या जागी गेलं की मन भरून येतं म्हणतात. माझं पित्त खवळलं. सीना नदीच्या पलीकडच्या घाटाशी परवा कितीतरी वर्षांनी गेलो. आता तिथं कुणी उतरत नाही, कुणी चढत नाही. वरच्या अंगाला पूल झालाय, त्याच्यावरून गाड्या धडधडत जातात आणि खाली घाटाच्या पायऱ्या गाळात निम्म्या बुडून पडल्यात. बेशरमीची झुडपं मात्र माजलीत, नावाला जागून. नावा जिथं टेकायच्या तो काळा दगड अजून आहे. बैलाच्या वशिंडासारखा वर आलेला, त्यात ठोकलेल्या लोखंडी कड्या गंजून कागदासारख्या झालेल्या. मी त्या दगडाला लाथ घातली. या वयात असलं काही करू नये. अंगठा अजून ठणकतोय. पण बरं वाटलं.

बरोबरचा जीपवाला म्हणाला, “सर, काय निवांत जागा आहे!”

निवांत! त्याला काय सांगणार? मी जीपमध्ये जाऊन बसलो.

त्या दगडाचं आणि माझं भांडण समजायचं तर आधी नदी समजली पाहिजे. सीना म्हणजे काही समुद्र नव्हे. पण आमच्या लहानपणी ती एक सरहद्द होती. अलीकडं आम्ही, परांडा तालुका, निजामाचा मुलूख, पलीकडं इंग्रजांचा. मधे पाणी आणि पाण्याच्या दोन्ही अंगांना शिपाई. मग इंग्रज गेला, पाठोपाठ निजामाचं राज्य गेलं, विलीनीकरण झालं, दोन्ही काठांवर एकच झेंडा लागला. आमच्या शाळेत उर्दू जाऊन मराठी आली आणि अलिफ-बे गिरवलेल्या पाटीवर मी ग-म-भ-न गिरवायला लागलो. सगळं बदललं. पलीकडच्यांच्या तोंडातलं आमच्या मुलखाचं ‘मोगलाई’ हे नाव तेवढं जाईना. आमची ज्वारी मोगलाईची, आमची बैलं मोगलाईची, आमचं बोलणं तर मोगलाईचंच. रेल्वे त्यांच्याकडं, कापडाची दुकानं त्यांच्याकडं, दवाखाना त्यांच्याकडं, आणि नाव टेकवायला पक्की जागा तीही त्यांच्याकडंच. आमच्या काठाला नुसता चिखल.

मी आमच्या घराण्यातला पहिला बी. ए. हे मी मिरवून सांगतो, कुणाला खटकलं तर खटको. माझा बाप रंगारी. सूत रंगवायचा, लुगडी रंगवायचा, मुंडाशी रंगवायचा. आमच्या परड्यात निळीचे माठ पुरलेले असायचे आणि पावसाळी हवेत त्यांचा आंबूस, नाकात चढून बसणारा वास घरभर फिरायचा. शाळेत पोरं माझ्याशेजारी बसायला तयार नसत. बापूंचे हात मनगटापर्यंत निळे. जेवताना भाकरी पांढरी आणि हात निळा. मला लहानपणी वाटायचं, बापाचे हात निळेच असतात. दुसऱ्याच्या बापाचे मातकट हात पाहिले की मला ते अपुरे वाटायचे.

धुणं नदीवर. आषाढात गढूळ पाण्यात रंग नीट निघत नसे, म्हणून काम तुंबून राहायचं आणि भाद्रपद सरला, पाणी निवळलं की आम्ही सगळे कमरेइतक्या पाण्यात उभे. माय, बापू, मी आणि माझ्या पाठची गोदी. लाल सुताच्या लडी झाडल्या की पाण्यात लाल धूर पसरल्यासारखा व्हायचा, खाली पोहणारी पोरं ओरडायची, “रक्त आलं, रक्त आलं!” गोदी त्यांना म्हणायची, “तुज्या आज्ज्याचं हाय, पी!” तिची जीभ तेव्हापासूनची.

कार्तिकात नदीला आणखी एक वास चढायचा. काठाच्या डबक्यांत अंबाडीच्या पेंढ्या कुजत घातलेल्या असायच्या, दोरखंडासाठी. तो वास ज्यानं घेतला नाही त्याला सांगून कळणार नाही. डोकं भणभणायचं. आणि त्याच वासातनं वाऱ्याची एखादी झुळूक तुरीच्या फुलांची यायची, एखादी हुरड्याला अजून अवकाश असलेल्या कोवळ्या ज्वारीची. आज मला कुणी अत्तराचा फाया दिला तर मी तो परत करीन. ती घाण कुणी परत आणून दिली तर घेईन.

आणि चैत्रात नदीच नसायची. नुसती वाळू. सोनारीला काळभैरवाची यात्रा भरली की पलीकडची हीच माणसं, हीच, वाळू तुडवत आमच्या काठाला यायची. डोक्यावर गाठोडी, खांद्यावर पोरं. यात्रेत तेरखेड्याचे दारूवाले आतषबाजी उडवायचे आणि त्या उजेडात कोण मोगलाईतला आणि कोण इंग्रजांच्या मुलखातला हे कुणाला ओळखू येत नसे. देव आमच्याकडं होता ना! तेव्हा कुणाला जागा अपुरी पडत नव्हती. पाणी आलं की यांची मिजास यायची.

नाव होती किसनमामाची. मामा म्हणजे नात्यातला नव्हे, गावचा भोई, पण सगळा गाव त्याला मामाच म्हणायचा. काळाकभिन्न, तोंडात पान, एका डोळ्यात फूल पडलेलं. त्याची नाव जुनी, डांबर फासून फासून जड झालेली, पण तिला शीड होतं, आणि त्या शिडाची आख्ख्या नदीवर चर्चा होती. निजामाच्या राज्यात आमच्या काठाला करोडगिरीचा नाका होता, म्हणजे जकातीचा. राज्य गेलं, नाका उठला, शिपाई पळाले, आणि मागं त्यांचा तंबू राहिला. किसनमामानं तंबू फाडून शीड शिवलं. कापड जाड, दमदार, वारा धरला तर सोडायचं नाही. फक्त त्याच्यावर भला मोठा काळा उर्दू शिक्का होता, तो नेमका मधोमध आलेला. कितीही धुतला तरी जाईना. बापूंनी एकदा त्याला सांगितलं, “आण इकडं, निळीत बुडवून देतो, शिक्का झाकंल.” मामा म्हणाला, “नगं. वारा काय अक्षर वाचतंय व्हय?”

वारा वाचत नव्हता. पलीकडची माणसं लांबूनच वाचायची. शीड दिसलं की घाटावरनं आरोळी यायची, “आला, निजामाचा तंबू आला!”

गोदीचं स्थळ पलीकडून आलं. ते कसं आलं, कुणी आणलं, त्यात आता शिरत नाही. घर आमच्याच जातीचं, एका पिढीमागं रंगारीच, पण त्यांनी माठ कधीच बुजवले होते आणि गिरणीच्या कापडाचं दुकान टाकलं होतं. मुलगा दुकानात बसायचा. त्याचे चुलते शिवरामतात्या घरातले कर्ते, आणि नावा लावायच्या घाटाचा ठेकाही त्यांच्याकडंच. बापूंच्या दृष्टीनं हे स्थळ म्हणजे सोनं. पुडीचे रंग आले होते, गिरणीची लुगडी आली होती, आमच्या माठांना कुणी विचारीना. निदान लेक तरी सुखाच्या घरात पडावी.

तात्यांचा निरोप आला की, पाहुणे मोगलाईत येणार नाहीत. मुलगी बघून कुंकू लावायचा कार्यक्रम घाटावरच्या महादेवाच्या देवळात. मुलगी घेऊन तुम्ही या.

मुलीकडं जायचं सोडून मुलीला बोलवायचं, तेही नदीवर. मी तेव्हा सोलापूरला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो, सुटीला आलो होतो. मी म्हणालो, “बापू, हा अपमान आहे.”

“आसंल,” बापू म्हणाले. “तू अपमान शिकायला गेलास सोलापूरला? जाऊ दे. एक दिसाचं हाय.”

बापूंनी गोदीसाठी लुगडं स्वतः रंगवलं. पुडीचा रंग नाही. आल नावाच्या झाडाच्या मुळ्या कुटून, तुरटी घालून, जुन्या रीतीनं. ते लाल अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तापलेल्या तव्याच्या बुडाला जसं लाल येतं तसं. वाळत घातलं तेव्हा गल्लीतल्या बायका नुसत्या हात लावून जायच्या.

तुळशीचं लग्न होऊन गेलेलं. सकाळी आम्ही निघालो. माय, बापू, गोदी, मी. मामानं शीड सोडलं, वारा चांगला होता, आणि डोहातनं खालच्या अंगाच्या घाटापर्यंतचं ते कोसभराचं पाणी आम्ही बघता बघता कापलं. मायनं धपाटी बांधून घेतली होती, शेंगदाण्याची चटणी, आणि देवळात वाटायला गूळ-खोबरं. गोदी मधल्या फळीवर बसली होती, पाय पोटाशी घेऊन. आमच्यात एक समजूत होती, नवरीमुलीनं ओल्या पायांनी सासरच्या काठाला लागू नये. नदीचं पाणी पायाला लागलं की माहेर सासरात वाहून येतं, असं काहीतरी. कोरड्या पायांनी दगडावर उतरायचं, आणि मग पुढं. बापूंनी हे डोक्यात इतकं घेतलं होतं की नावेच्या बुडात झिरपलेलं पाणीदेखील ते स्वतः गाडग्यानं उपसत होते.

घाटाशी पोचलो तर बाजाराचा दिवस. पिकावर पडतो तसा दगडाला नावांचा नुसता चिकटा. कांदे, वांगी, कोंबड्यांचे डालगे, मिरचीची पोती, एका नावेत तर रेडकू. टेकायला जागा एकच, तो काळा दगड. दोन्ही अंगांना पाणी गुडघाभर, पण खाली पाय रुतणारा रेंदा. दगडावर तात्या उभे होते. काळी टोपी, कोट, हातात काठी. काठी ज्या नावेकडं करतील ती पुढं यायची, माल उतरायचा, ती मागं सरकायची. आम्हाला बघून त्यांनी लांबूनच हात जोडले.

“या, या रंगारी! जरा दम खा. बाजारची मंडळी परकी, त्यांना वाटंला लावतो. तुमी काय, घरचेच!”

बापूंनी हसून हात जोडले. मामानं दोराला बांधलेला धोंडा पाण्यात सोडला आणि आम्ही थांबलो.

आम्ही थांबलो. लोक मला विचारतात, तुम्हाला राग एवढा लवकर का येतो. त्या दिवशी आला तो अजून गेला नाही, हे त्यांना माहीत नाही. एक नाव गेली, वाटलं आता आमचा नंबर. काठी दुसरीकडं वळली. दुसरी गेली, तिसरी आली. आमच्यामागून आलेल्या नावा आमच्या अंगाला घासून पुढं जायच्या आणि जाताना त्यातले लोक शिडाकडं बघून दात काढायचे.

“काय मामा, जकात भरली का?”

“तंबूत नवरी हाय जनू! निकाह हाय का लगीन?”

मामा पान थुंकून म्हणाला, “तुज्या बापाचं श्राद्ध हाय. जेवायला ये.”

मी उभा राहिलो. पांढरा शर्ट, पायात नव्या चपला. चांगल्या छापील मराठीत मी म्हणालो, “तात्यासाहेब, आमच्यानंतर आलेल्या नौकांना आपण अग्रक्रम देत आहात. हे न्याय्य नव्हे.”

घाटावर जो हशा उसळला! एका हमालानं तर खांद्यावरचं पोतं खाली टाकलं. “आरं, मोगलाई मराठी बोलाय लागली की रं! आणि काय घोटून!” तात्याही हसले, पण मायेनं हसल्यासारखे. “नवरदेवाचे मेहुणे व्हय? बसा, बसा. शिकलेत. छान.”

देवळाच्या ओट्यावर मुलाकडची मंडळी सतरंजी टाकून बसली होती. मुलगा मधे. रेशमी फेटा, मनगटात घड्याळ, पायात चकचकीत काळे बूट. आमच्यापासून ते किती लांब? हाक मारली तर ओ देता येईल, इतकं. त्यांचं दूध झालं, पान झालं. मग पंगत बसली. वाऱ्यावरनं पुरणाचा, तुपाचा वास आमच्या नावेत आला, अंबाडीच्या घाणीत मिसळून. त्या दिवसापासून मला पुरणपोळी गोड लागत नाही. आमची धपाटी तशीच बांधलेली; कार्यक्रमाआधी बापू कुणाला खाऊ देईनात.

ऊन वर चढलं. कार्तिकाचं ऊन चावत नाही, पण पाण्यावर बसलं की दोन्हीकडून भाजतं. माय म्हणाली, “अवं, गुडघाभर तर पाणी हाय. उतरू की.”

“आन पोरीचं पाय?”

मी म्हणालो, “मी तिला खांद्यावर घेतो. काठाला नेऊन ठेवतो.”

बापू माझ्यावर उसळले. “खांद्यावर? मिरचीचं पोतं हाय का ती? सगळ्या बाजारादेखत? बस खाली. माजी लेक दगडावर उतरंल. त्यांनी हात धरून उतरवून घ्यायचं. न्हायतर कशाचं कुंकू?”

गोदी काहीच बोलत नव्हती. जिची जीभ कधी थांबत नसे ती दिवसभर गप्प. मला वाटलं, लाजतेय. मायला वाटलं, ऊन लागलं. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला होता आणि त्या पदराच्या फटीतून ती ओट्याकडं बघत होती. मुलगी बघायचा कार्यक्रम म्हणजे आमच्याकडं काय? मान खाली, पाट, चार प्रश्न, आणि पाया पडून आत. मुलगा कसा आहे हे मुलीला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कळायचं. तात्यांनी आम्हाला पाण्यावर टांगून ठेवलं आणि गोदीला मात्र आख्खा दिवस देऊन टाकला. हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. खरं तर माझ्याही नाही. मी रागानं आंधळा झालो होतो, शिक्क्याकडं बघून कोण हसतंय ते हेरत होतो.

दुपार कलली. पंगत आटोपली, काही मंडळी आडवी झाली. मुलानं ऊस सोलून मागवला, खाल्ला, घड्याळाला किल्ली दिली, पुन्हा ऊस खाल्ला. नावा कमी होत गेल्या. कोंबड्या गेल्या, रेडकू गेलं. बापूंनी कितीदा उठून हात जोडले ते मला मोजवलं नाही, आणि तात्यांनीही प्रत्येक वेळी तेवढ्याच अगत्यानं हात जोडले. अशा माणसापेक्षा शिव्या देणारा बरा. शिवीला उत्तर देता येतं.

ऊन पिवळं पडलं तेव्हा काठी आमच्याकडं वळली.

मामानं धोंडा ओढून घेतला, बांबूचा कळक रोवला, आणि आमच्या नावेचं तोंड त्या काळ्या दगडाला टेकलं. खाडकन आवाज झाला. बापूंनी दोर फेकला, कुणीतरी कडीत अडकवला. ओट्यावरची मंडळी फेटे सावरत उठली. तात्या पुढं झाले.

“या, या. फार उशीर केलात की हो!”

बापूंनी हात पुढं केला. निळा हात. तात्यांनी आपला हात निम्म्यात आणला, बघितला, आणि काठीचं टोक पुढं धरलं. वाळलेली नीळ कुणाच्या हाताला लागत नाही. रंगाऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल असं नाही. बापूंनी काठीचं टोक धरलं. धरलं! आणि दुसरा हात गोदीकडं केला.

“ऊठ, गोदे.”

गोदी उठली नाही.

“ऊठ की गं. पाय कोरडेच ठेव, असा इकडनं टाक.”

“बापू, मला न्हाय उतरायचं.”

तात्या हसले. “लाजतीय पोरगी.”

“लाजत न्हाय,” गोदी म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण दगडावरच्या सगळ्यांना ऐकू गेला. “उतरायचं न्हाय.”

मायनं कपाळावर हात मारून घेतला. “येड लागलं का काय हिला! उन्हानं झालंय. गोदे, ऊठ, बाई माजी, समदी बघाय लागली.”

मागं कांद्याची एक मोठी नाव येऊन थांबली होती. तिच्यावरचा माणूस ओरडायला लागला, “ओ तंबूवाले! उतरा न्हायतर जागा सोडा! आमी काय मुक्कामाला आलोय?”

बापू काठी सोडून गोदीसमोर उकिडवे बसले. हळू आवाजात म्हणाले, “काय झालं? मला सांग.”

“मघा त्या दगडावर एक म्हातारी घसरली,” गोदी म्हणाली. “वांग्याची पाटी व्हती डोक्यावर. सगळी वांगी सांडली, ओट्याच्या खाली पडली ती. पाय खाली सोडून बसलेल्या त्या माणसाच्या बुटापाशी एक आलं. त्यानं बूट मागं घेतले. उठला न्हाय, वांगं उचललं न्हाय, नुसते बूट मागं घेतले. चिखल लागंल म्हणून.”

“येवढ्यासाठनं?” माय रडकुंडीला आली. “येवढ्यासाठनं सोन्यासारखं स्थळ…”

“येवढंच दिसलं, माय. दिसभर बघितलं म्या. तुमी हितं तळत बसला, आन एकदा सुदीक त्यानं चुलत्याला म्हटलं न्हाय की त्यांची नाव घ्या म्हणून. दुसरं कायतरी दिसंल म्हणून बघत बसले. दिसलं असतं तर उतरले असते.”

बापूंनी मान वळवून ओट्याकडं बघितलं. मुलगा उभा होता, फेट्याचा शेमला ठीक करत. काहीतरी बिनसलंय हे त्याला कळलं होतं. त्यानं तात्यांकडं बघितलं. आमच्याकडं नाही.

मी त्या दिवसभरात मनात कितीतरी भाषणं रचली होती. समता, नवा देश, एक भाषा, सगळं. त्यातलं एक अक्षर मला आठवेना. मी बापूंच्या पाठीकडं बघत होतो. त्या पाठीवर आमचे माठ होते, पडलेला धंदा होता, गावात उद्या होणारी छी-थू होती, आणि हातातून निघालेलं कापडाचं दुकान होतं. कांद्यावाला ओरडत होता.

मग बापू उठले आणि म्हणाले, “किसना, दोर सोड.”

मामानं एका डोळ्यानं बापूंकडं बघितलं आणि दोर कडीतून ओढून घेतला.

तात्यांचं अगत्य तेव्हा कुठं उतरलं. टोपीखालचं कपाळ लाल झालं. “हीच ती मोगलाईची अक्कल! दिसभर जागा मागत उभं ऱ्हायचं, आन दिली तर लाथाडायची! घाटावर आमचं नाक कापता व्हय रं रंगाऱ्या?”

‘रंगारी’चा ‘रंगाऱ्या’ झाला होता. बापूंनी हात जोडले, सकाळपासून जोडत होते तसेच.

“जागा झकास हाय, तात्या. तुमालाच ऱ्हाऊ द्या.”

आम्ही पुरते वळलोही नव्हतो आणि कांद्याची नाव आमच्या जागेत घुसली. घाटावरनं शिट्ट्या, आरोळ्या, एक-दोन ढेकळं. एक ढेकूळ शिडाला लागून फुटलं. मामानं शीड पूर्ण ताणलं, त्यांना शिक्का नीट दिसेल असं.

गोदीला पुढं आमच्याच काठाला, सोनारीच्या अंगाला दिली. ते स्थळ यायला वेळ लागला. मधे गावानं नावं ठेवली, मायनं वर्षभर अबोला धरला, आणि पलीकडून कुणी कधी रंगाचं काम आणलं नाही. एकेक करून माठ बुजले. बापूंचे हात हळूहळू पांढरे पडत गेले. ते मला बघवत नसे. शेवटी-शेवटी त्यांच्या नखांच्या कडांना तेवढी नीळ उरली होती. त्या लाल लुगड्याचं काय झालं, मला माहीत नाही. तसलं लाल पुन्हा कुठं बघितलं नाही. सोलापुरात नाही, मुंबईच्या कापडाच्या पेढ्यांवर नाही. आता तर तो रंग कसा करायचा हे सांगणाराही कुणी उरला नाही. पूल झाल्यावर मामानं नाव काठावर ओढून ठेवली, आणि एका उन्हाळ्यात ती फोडून तिची लाकडं चुलीत गेली. घाट, दगड, ठेका सगळंच मोडलं. याचं मला दुःख होत नाही, हे मी स्पष्ट सांगतो. जे मोडायच्या लायकीचं होतं ते मोडलं. वाईट एवढंच वाटतं की त्याच्याबरोबर ती नदीही गेली, तुरीच्या वासाची.

परत येताना वारा उलटा होता. घाट मागं पडल्यावर शीड उतरवून मामा आणि मी वल्ही मारत होतो. डोहावर बगळे परतत होते. दिवस मावळायच्या बेतात आमचा काठ आला. आमच्या काठाला घाट नव्हता, दगड नव्हता, कडी नव्हती, काठीवाला कुणी नव्हता. जिथं नावेचं तोंड घुसेल तिथं जागा. मामानं नाव चिखलात घुसवली आणि ती हलकेच गचका देऊन थांबली.

सगळ्यांच्या आधी गोदी उठली. लाल लुगड्याचा ओचा वर खोचला आणि धपकन खाली उतरली. गुडघ्यापर्यंत चिखलात रुतली, एक पाय उपसला, दुसरा उपसला, तोल सावरला. बापू फळीवर बसून तिच्याकडं बघत होते. मग मागं वळून, परत आपल्या नेहमीच्या जिभेवर येत ती मला म्हणाली,

“दादा, बघतोस काय? त्या चपला काढ आन उतर. अग्रक्रम देतीया तुला.”